मैदान तयार होईपर्यंत

आम्ही वाशीला राहायला आलो तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि धाकटी बहीण तीन-साडेतीनची. परळच्या चाळीतल्या एका खोलीतून निघून दोन खोल्या, वेगळं स्वयंपाकघर आणि घरातल्या घरात संडास, एवढ्या सुखासाठी बाबांनी रोज खाडीपूल ओलांडून फोर्टातल्या ऑफिसात बसने जायचं पत्करलं होतं. आईला नवी जागा आवडली, पण शेजार नाही म्हणून ती पहिले काही महिने कुढत राहिली. माझं मात्र उलटं होतं. मला चाळ सोडल्याचं दुःख झालं नाही.

त्याला कारण होतं. बहीण झाल्यापासून चाळीत माझं खेळणं जवळपास संपलं होतं. आई घरी शिलाईचं काम करायची, त्यामुळे शाळेतून आले की बहीण माझ्या कडेवर. लपाछपीत मी लपले की ती खुशाल ओरडून सांगायची, "ताई इथे आहे." लंगडीत तिला कडेला बसवलं की रडून सगळ्यांचा खेळ थांबवायची. मुली म्हणायच्या, "तिला लिंबूटिंबू घेऊ, पण तू आमच्या बाजूला नको." बाजू पाडताना मी शेवटी उरायचे आणि मग दोन्हीकडच्या मुली मला एकमेकींकडे ढकलल्यासारखं बघायच्या. ते बघणं मला अजून आठवतं.

वाशीला आमच्या इमारतीत निम्मी घरं रिकामी होती. समोरासमोर चार इमारती, मध्ये मोकळी जागा. ती जागा म्हणजे बांधकामाचं उरलंसुरलं: विटांचे तुकडे, खडी, घट्ट झालेलं सिमेंट, वाळूचे ढीग, त्यातून उगवलेला रानटी एरंड. मुलंही अशीच उरलीसुरली वाटावीत इतकी थोडी. एका वयाची दोन सापडणं मुश्कील. आमच्या वरच्या मजल्यावरचा एक मुलगा चौदा वर्षांचा, सगळ्यांत मोठा. त्याला आम्ही दादा म्हणायचो. सगळ्यांत लहान माझी बहीण. मधे आम्ही सगळे, कुणी सहाचे, कुणी नऊचे, कुणी बाराचे. क्रिकेटची टीम होईना, आबाधुबीला पळणारे कमी, आणि रोज संध्याकाळ भांडणात जायची.

तळमजल्यावर एक काका राहायचे. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यात त्यांची पहिली पाळी असायची, म्हणून चारला घरी. त्यांचा मुलगा बाहेरगावी कॉलेजात होता. अंगाने किरकोळ, पांढरा पायजमा, वर सदरा, आणि हात सारखे चोळायची सवय. एकदा आमचं भांडण फारच रंगलं तेव्हा ते ओट्यावरून उठून आले.

"भांडण कशाचं आहे?"

दादा म्हणाला, "बाजूच पडत नाहीत, काका. ही लहान पोरं कोणाला नकोत."

"मग बाजू कशाला पाडता?"

काकांनी सगळ्यांना जवळजवळ उभं केलं, डोळे मिटायला लावले आणि सांगितलं, हात पुढे करा, जो हात सापडेल तो धरा. डोळे उघडले तेव्हा आमची एक भली मोठी गाठ झाली होती. माझा एक हात दादाच्या हातात होता, दुसरा कुणाच्या तरी चिकट बोटांत. "आता हात न सोडता सुटा," काका म्हणाले. कुणी कुणाच्या हाताखालून वाकलं, कुणी ओलांडलं, मोठ्यांची कंबर अडकली की लहानं खालून सरपटत निघाली. माझी बहीण सगळ्यांत लहान, म्हणून सगळ्यांत उपयोगाची ठरली. "तिला आधी जाऊ दे, तिला आधी जाऊ दे," दादा ओरडत होता. शेवटी गाठ सुटली आणि एक वेडंवाकडं कडं तयार झालं. बहिणीने दोन्ही हात घट्ट धरून ठेवले होते. खेळ संपला तरी सोडेना.

त्यानंतर काका रोज यायला लागले. तरुणपणी ते म्हणे कुठल्या कुठल्या शिबिरांना जायचे, तिथे हे खेळ शिकले होते. शिट्टी नाही, गुण नाहीत, आउट नाही. काकूंची जुनी चादर सगळ्यांनी कडेने धरायची, मध्ये रबरी चेंडू, तो उडवत राहायचा, खाली पडू द्यायचा नाही. नदीचा खेळ तर आम्ही दिवसेंदिवस खेळलो. दोन रेघांच्या मधली जागा नदी, हातात थोड्या विटा. त्या टाकत टाकत सगळ्यांनी पलीकडे जायचं. एकाचा जरी पाय पाण्यात पडला तरी सगळ्यांनी परत यायचं. मग मोठी मुलं लहानांना पाठुंगळी घ्यायची, मागची वीट उचलून हातोहात पुढे द्यायची. पलीकडे पोचलो की सगळेच पोचलेले असायचो.

माझ्यासाठी याचा अर्थ एवढाच होता की बहीण बरोबर असूनही मी खेळत होते. तिच्यामुळे माझं काही अडत नव्हतं. संध्याकाळी चार वाजले की मी तिला कडेवर घेऊन जिना उतरायचे आणि पहिल्यांदाच ती मला जड वाटायची नाही.

वाशीगावातली एक मावशी आमच्या इमारतीच्या सावलीत मासळीची पाटी लावायची. तिची मुलगी माझ्याच वयाची, आईबरोबर यायची आणि भिंतीला टेकून आमचे खेळ बघायची. काकांनीच तिला बोलावलं.

"उभी काय राहतेस? हात दे."

ती आली. दुसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंनी वरून हाक मारून विचारलं, "अहो, ती गावातली मुलगी ना?" काका हसून म्हणाले, "गाठीत कुणाचा हात आहे ते कळतं का, वहिनी?" बाई आत गेल्या. मला त्या वेळी काका फार मोठे वाटले. बाबांपेक्षाही मोठे, आणि हे मनात आलं म्हणून मला जरा भीतीही वाटली होती.

त्या मुलीची आणि माझी पटकन गट्टी झाली. ती विटा फार सफाईने झेलायची. मी तिला शाळेतले श्लोक म्हणून दाखवायचे, ती मला भरती-ओहोटी कशी ओळखायची ते सांगायची. "चांदोबा बघायचा न मंग पानी," असं काहीतरी.

दिवाळीनंतर काकांनी नवे खेळ काढले. पहिला मुंग्यांचा. जागेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आम्ही ओळीने उभं राहायचं. पहिल्याने दगड उचलून दुसऱ्याला द्यायचा, दुसऱ्याने तिसऱ्याला, असं करत तो कडेच्या ढिगावर जायचा. मुंग्या साखर नेतात तसं. गाणं म्हणायचं, गाण्याच्या ठेक्यावर दगड पुढे सरकला पाहिजे. लहानांच्या हाती खडी, मोठ्यांच्या हाती विटांचे तुकडे. मुंग्यांचा खेळ मला सगळ्यांत आवडायचा, कारण त्यात मी तरबेज झाले होते. माझ्या एका बाजूला मासळीवाल्या मावशीची मुलगी, दुसऱ्या बाजूला बहीण. आमच्या तिघींकडून दगड कधी पडला नाही.

मग हत्तींचा खेळ. काका बादलीने जमिनीवर पाणी शिंपडायचे, आम्ही एकमेकांच्या खांद्यांवर हात ठेवून रांगेने पाय आपटत चालायचं. धप, धप, धप. चिखल पोटरीपर्यंत उडायचा. आई रोज ओरडायची, पण हसत ओरडायची. पुढे काकांनी रस्त्याचं काम करणाऱ्या ठेकेदाराकडून हाताने ओढायचा लोखंडी रूळ आणला. त्याला दोर बांधून आम्ही सगळे रथ ओढायचो. रथ पुढे, काका मागे ढकलायला.

"काका, रोज मुंग्याच का? नदी कधी खेळायची?" एकदा कुणीतरी विचारलं.

"मैदान तयार होऊ दे," काका म्हणाले. "मग या टोकापासून त्या टोकापर्यंत नदी करू. आतापर्यंत कुणी खेळली नसेल एवढी मोठी. सगळ्या इमारतींतल्या लोकांना बघायला बोलवू."

एवढं पुरलं. आम्ही त्या मोठ्या नदीची तयारी करायला लागलो. कोण कुणाला पाठुंगळी घेणार, विटा कुठे ठेवायच्या, सगळं ठरलं. दादाने काठीने जमिनीवर नकाशा काढला. मासळीवाल्या मावशीच्या मुलीने सांगितलं की त्या दिवशी ती नवं परकर-पोलकं घालणार. उन्हाळा लागेपर्यंत ती जागा अशी सपाट झाली की बहीण अनवाणी पळायची आणि तिच्या पायाला खडा टोचायचा नाही.

मे महिन्यातल्या एका रविवारी उद्घाटन ठरलं. आदल्या दिवशी जागेभोवती खांब पुरून जाळी लावलेली आम्ही पाहिली. "चेंडू बाहेर जाऊ नये म्हणून," दादा म्हणाला. आम्हाला ते पटलं.

रविवारी लाउडस्पीकर, खुर्च्या, पताका. पुढे सतरंजी अंथरली होती. काका आम्हाला म्हणाले, "तुम्ही सगळ्यांत पुढे बसा." आम्ही दिवाळीचे कपडे घालून पुढे बसलो. जाळीच्या आत पांढऱ्या चुन्याच्या रेघा होत्या आणि मधोमध एक नेट. मला ते नेट कशाला ते कळेना. नदीत नेटचं काय काम?

सोसायटीचे अध्यक्ष बोलायला उभे राहिले. बॅडमिंटन कोर्टामुळे सोसायटीची शान वाढली, आता दरवर्षी स्पर्धा घेऊ, विजेत्यांना कप देऊ, असं बरंच बोलले. मग त्यांनी काकांना पुढे बोलावलं, शाल आणि नारळ दिला, आणि हसत हसत माइकवर म्हणाले, "ही जागा साफ करायला कमिटी मजूर बघत होती. आमचे हे गृहस्थ म्हणाले, मजूर कशाला, आपली मुलं आहेत. मी त्यांच्याकडून खेळता खेळता करून घेतो. आणि खरोखर करून घेतलं. मुलांना पत्तासुद्धा लागला नाही."

खुर्च्यांवरची माणसं हसली. टाळ्या पडल्या. वाईट मनाने कुणी हसलं नव्हतं. एखाद्याने चतुराईने काम साधलं की जसं कौतुकाने हसतात तसं. मी काकांकडे बघितलं. मला वाटलं ते काहीतरी बोलतील. ते हसत होते. शाल सारखी करत, हात चोळत, मान खाली घालून हसत होते.

माझ्या बाजूला बसलेल्या मुलाने विचारलं, "म्हणजे आपण काम करत होतो?" माझे कान गरम झाले होते. आपल्याला उघडं करून सगळ्यांना दाखवलंय असं वाटत होतं. गाणी म्हणत म्हणत आम्ही दगड नेले होते. ते सगळं वर गॅलरीतून कुणी कुणी बघितलं असेल, एकमेकांना खुणावलं असेल, हे एकेक करून माझ्या मनात यायला लागलं.

मग दोन मोठी माणसं रॅकेट घेऊन आत गेली आणि खेळ सुरू झाला. आम्ही वाट बघत बसलो. नदीचं नाव कुणी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी चार वाजता आम्ही सवयीने खाली उतरलो. जाळीच्या दाराला कुलूप होतं आणि काका किल्ली घेऊन उभे होते. ते कोर्टाचे व्यवस्थापक झाले होते.

"चौदा आणि त्यापुढच्यांनाच आत सोडायचं ठरलंय," ते म्हणाले. "लहान मुलांमुळे रेघा पुसतात, जमीन उकरली जाते. कमिटीचा नियम आहे."

"आणि नदी?" मी विचारलं.

"बघू ना. पुढे बघू."

मासळीवाल्या मावशीची मुलगी माझ्या मागे उभी होती. खरंच नवं परकर-पोलकं घालून आली होती; रविवारी तिला कुणी बोलावलंच नव्हतं, म्हणून तिने सोमवार धरला होता. काका तिला म्हणाले, "तू तर सोसायटीची नाहीस ना गं. इथे गर्दी नको करू."

तिने अगदी हळू विचारलं, "दगर उचलताना मी होती ना सोसायटीची?"

काकांनी तिच्याकडे न बघता कुलूप ओढून पाहिलं. ते नीट लागलेलंच होतं.

ती वळून आईच्या पाटीकडे गेली. मी बहिणीला उचललं आणि तिच्या मागून गेले, पण ती माझ्याशी बोलली नाही. तिच्या लेखी मीही जाळीच्या आतलीच होते. तिची आई त्या आठवड्यानंतर आमच्या इमारतीखाली बसेनाशी झाली. पलीकडच्या रस्त्यावर कधीतरी पाटी दिसायची, मुलगी दिसायची नाही.

त्या सोमवारी संध्याकाळीच मी बाबांना विचारलं. ते चहा पीत होते.

"बाबा, तिथे कोर्ट होणार हे तुम्हाला माहीत होतं?"

"दिवाळीच्या सुमारासच ठरलं होतं मीटिंगमध्ये. सगळ्यांनाच माहीत होतं."

"आईला?"

"आईला पण."

"मग आम्हाला का नाही सांगितलं?"

बाबा हसले. वाईट माणूस नव्हते ते. मला बशीतून चहा देत म्हणाले, "सांगितलं असतं तर तुम्ही दगड उचलले असते का?"

आई आतून म्हणाली, "खेळायला मिळालं ना तुम्हाला इतके महिने? झालं तर. कशाला तोंड पाडून बसतेस?"

मी चहा घेतला नाही. एका माणसाने फसवलं असतं तर दुसऱ्याकडे जाऊन रडता आलं असतं. इथे सगळी मोठी माणसं एकाच बाजूला होती. बाजू पाडायची नाही म्हणणारे काकाही त्यांच्यातच.

आम्ही उरलेल्यांनी काही दिवस दोन इमारतींच्या मधल्या बोळात गाठीचा खेळ खेळून पाहिला. पण दादा चौदाचा होता. त्याच्या वडिलांनी त्याला रॅकेट घेऊन दिली आणि तो आत जायला लागला. पहिल्या दिवशी तो जाळीतून आमच्याकडे बघून ओशाळं हसला. दुसऱ्या दिवशी त्याने बघितलं नाही. मोठ्यांशिवाय नदीत लहानांना कोण उचलणार? बारा-तेराची मुलं वाढदिवसाची वाट बघत जाळीला नाक लावून उभी राहायला लागली. कोण जिंकलं, कोण हरलं, याच्यावर त्यांच्या पैजा लागायच्या. बहीण रोज विचारायची, "मुंग्या कधी?" मी तिला सांगायचे की मुंग्या गावाला गेल्या. पावसाळ्यात तीही विचारायची थांबली, आणि मी पुन्हा तिला कडेवर घेऊन ओट्यावर बसायला लागले.

काकांशी मी बोलणं सोडलं. जिन्यात समोर आले तर मी भिंतीकडे तोंड करायचे. आई एकदा मला त्यावरून रागे भरली. काकांनी मात्र कधी तक्रार केली नाही.

ते मला पुन्हा नीट भेटले तेव्हा मी कॉलेजात होते. वाशी तोवर भरून गेली होती, आम्हीही दुसऱ्या सेक्टरमध्ये राहायला गेलो होतो. एका संध्याकाळी भाजी मार्केटात मी गवार निवडत होते, तर शेजारून आवाज आला, "ओळखलंस का?" काका खूप वाळले होते. कारखाना सुटला होता त्यांचा. त्यांनी बहिणीची चौकशी केली, बाबांची केली. मग म्हणाले, "सुट्टीत मुलांचं शिबिर घ्यायचा विचार आहे. तुला ते सगळे खेळ येतात. येशील का मदतीला?"

"नाही," मी म्हणाले.

ते माझ्या पिशवीकडे बघत म्हणाले,

"अजून रागावली आहेस."

मला धक्का बसला तो या वाक्याचा. इतकी वर्षं मी धरून चालले होते की त्यांना काही कळलंच नसेल, मोठ्या माणसांना असल्या गोष्टी जाणवत नाहीत. तर त्यांना कळलं होतं. जिन्यातल्या प्रत्येक वेळी कळलं होतं.

"मी मीटिंगमध्ये सांगितलं होतं," ते म्हणाले. "सकाळ मोठ्यांना, संध्याकाळ मुलांना. ते हो म्हणाले होते. आयत्या वेळी फिरले. मी एकटा किती भांडणार? मला वाटलं, मुलं आहेत, विसरतील."

"आणि त्या दिवशी माइकवर ते बोलले तेव्हा?"

"तेव्हा काय?"

"तुम्ही हसलात."

भाजीवाला गवार तोलून माझ्याकडे बघत थांबला होता. काकांनी त्याच्या ढिगातली एक शेंग उचलली, मोडून पाहिली, कोवळी आहे म्हणाले. मग "बरं, येतो" म्हणून ते कांद्या-बटाट्याच्या रांगेकडे निघून गेले. मी पिशवी भरली आणि बसस्टॉपवर जाऊन उभी राहिले. खेद झाला का, तर झाला. पण त्यांना परत हाक मारावी असं वाटलं नाही, आणि अजूनही वाटत नाही.

घरी आल्यावर बहिणीला सांगितलं, काका भेटले होते. ती अभ्यास करत होती. तिचा चेहरा एकदम फुलला. "हत्तीवाले काका? कसे आहेत? किती मजा यायची ना गं ताई." मी म्हटलं, हो, यायची. ते खोटं नव्हतं. मग मी गवार मोडायला बसले.